गेरार्डचे एक्क्याऐंशी गुण

कातोवित्से, ६ नोव्हेंबर

लिद्का,

पाकिटाच्या मागे पाठवणाऱ्याच्या जागी तुझ्या भावाचं नाव लिहिलंय. माझं नाव दिसलं असतं तर तू ते न उघडताच टोपलीत टाकलं असतंस. लबाडीच आहे ही, पण पत्र गेरार्डविषयीच आहे, तेव्हा निम्मी लबाडी धर. तुझा जीव टांगणीला लागू नये म्हणून आधीच सांगते, तो जिवंत आहे, धडधाकट आहे, कामावर जातो.

गेल्या गुरुवारी, मृतांच्या सणाला, मी तुमच्या गावच्या दफनभूमीत गेले होते. तू नॉर्वेला गेल्यापासून दरवर्षी तुझ्या आईच्या थडग्यावर मेणबत्ती लावते. हे तुला कळावं असं वाटत नव्हतं, पण त्याशिवाय पुढचं सांगता येत नाही. गेरार्ड आणि साबिना भिंतीकडच्या दोन नव्या थडग्यांपाशी उभे होते. सप्टेंबरमधल्या स्फोटाचं तुला कळलंच असेल. त्याच्या पाच जणांच्या बचाव तुकडीतले दोघे गेले, ते तिथे आहेत. गेरार्डने मेणबत्त्या पेटवल्या आणि मग खिशातून वायू मोजायचं छोटं यंत्र काढलं, खाणीत कमरेला लावतात ते. मेणबत्त्यांवर धरून आकडा वाचला. मग शेजारच्या थडग्यावर. मग त्याच्या पुढच्या.

उघड्या आभाळाखाली, लिद्का. वारा असा सुटला होता की मी टोपी हाताने दाबून धरली होती.

साबिनाने त्याचं कोपर धरलं. त्याने मला पाहिलं आणि यंत्र झटकन खिशात घातलं.

"काय रे, बरा आहेस ना?" मी विचारलं.

"मला काय धाड भरलीय? तुझ्याच कागदावर एक्क्याऐंशी मिळवलेत, डॉक्टरीणबाई. शंभरपैकी! शाळेत कधी एवढे पडले नव्हते. आई असती तर चौकट करून भिंतीवर लावला असता."

तो हसला. मीही हसले. साबिना हसली नाही.

बोग्ना


१३ नोव्हेंबर

लिद्का,

तू गेल्यावर इथे काय झालं ते तुला कुणी सांगितलं नसणार. आपली प्रश्नावली (तू 'आपली' म्हणू देणार नाहीस, पण तीन वर्षं एका टेबलावर बसलो होतो आपण) पूर्ण झाली, छापून आली. पंचवीस वाक्यं, प्रत्येकापुढे शून्य ते चार गुण. परदेशी भाषेतून मी ती पोलिशमध्ये आणली आणि तू, मूळ न पाहता, माझ्या पोलिशवरून परत त्या भाषेत नेलीस. मग चारशे बारा माणसांकडून भरून घेतली, आणि दोन आठवड्यांनी त्यांच्याकडूनच पुन्हा. दोन्ही वेळचे आकडे इतके जुळले की प्रोफेसर विल्कोश अजून वर्गात माझा तक्ता दाखवतात. सत्तरच्या वर गुण मिळाले की माणसाच्या मनाला उभारी आहे, असं आम्ही लिहिलं.

दोन वर्षांपूर्वी खाणीच्या दवाखान्याने ती मागवली. अपघातातून वाचलेल्या बचाव कामगाराला पुन्हा खाली पाठवायचं की नाही, हे ठरवायला. पत्र आलं त्या दिवशी मी सगळ्या खात्याला केक वाटला.

काल प्रोफेसरांना गाठलं. म्हटलं, एक माणूस आहे, त्याचे गुण एक्क्याऐंशी आहेत, आणि तो बरा नाहीये.

"कशावरून?"

"मी पाहिलं त्याला."

"बोग्ना, मोजपट्टी कशाला बनवली आपण? डोळ्यांवर भरवसा नव्हता म्हणूनच ना?" त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दमली आहेस तू. चार दिवस सुट्टी घे."

जिना उतरताना मला अगदी हलकं वाटत होतं. मोठ्या माणसाने सांगितलं ना, मग झालं. तो हलकेपणा जेमतेम संध्याकाळपर्यंत टिकला.

एक सवय लागली आहे. बाहेर रुग्णवाहिकेचा भोंगा वाजला की मी हातातलं टाकून खिडकीशी जाते आणि गाडी कुठे वळते ते पाहते. तुमच्या गावाच्या रस्त्याला वळली नाही, की परत येऊन बसते.

बोग्ना


२१ नोव्हेंबर

लिद्का,

साबिना आली होती. माझ्या कार्यालयात, भर दुपारी. कोट काढला नाही, चहा घेतला नाही.

"गॅस तोडून टाकलाय त्याने," ती म्हणाली. "दोन महिने एका विजेच्या शेगडीवर रांधतेय मी. खिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या मारल्यात. दर तासाला ते यंत्र घेऊन क्लाराच्या खोलीत जातो, तिच्या उशीपाशी धरतो. काल शाळेतल्या बाईंना तिने काय सांगितलं माहितीय? 'बाबा मला मोजतात.'"

मी म्हटलं, अशा अपघातानंतर हे होतं, काही महिने जातात.

"जाऊ देत. मी काढीन काही महिने. शेगडीवर काढीन, अंधारात काढीन. त्यासाठी नाही आले मी." तिने दार लोटून घेतलं. "एवाल्ड आला होता."

एवाल्ड आठवतो ना, तुमच्या चाळीतला, गेरार्डच्या तुकडीचा म्होरक्या? महिन्यापूर्वी त्यांचा सराव झाला. जमिनीवरच धुराची खोली आहे, तिच्यात श्वासाचं यंत्र लावून चालतात. मध्यावर गेरार्डने मुखवट्याचा पट्टा सोडला. धुराच्या मध्यावर. 'श्वास येत नाही' म्हणाला. एवाल्डने त्याला ढकलत बाहेर काढलं. खोकला आला, डोळे चुरचुरले, तेवढ्यावर भागलं.

"तिथे नुसता धूर होता," साबिना म्हणाली. "खाली मुखवटा काढला तर दोन श्वास मिळतात, बोग्ना. तिसरा नाही मिळत. आणि त्याला उचलायला जो वाकतो, त्याचीही खात्री नाही."

"मग एवाल्डने वर कळवलं का नाही?"

"विचारलं मी. म्हणाला, 'दोघांना पुरलंय, तिसऱ्याला मी कागदावर नाही मारणार.' उरलेले तिघं एकमेकांना धरून बसलेत. कुणी एक अक्षर बोलत नाही. आणि गेरार्डला डॉक्टरकडे चल म्हटलं तर तो तुझं नाव घेतो. 'शिकलेल्या बाईच्या कागदाने मला पास केलंय, तू कोण?' आता तूच सांग. तुझा कागद खरा की माझे डोळे?"

"मी बघते," मी म्हटलं.

"बघते!" ती उठली. "बघत बसायला पगारच मिळतो तुम्हाला."

ती गेल्यावर मी दाराला आतून कडी घातली. कुणापासून, ते मलाच ठाऊक नाही.

बोग्ना


२६ नोव्हेंबर

लिद्का,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितेय. पहिल्या दोन वेळा मी स्वतःला बरीच सूट दिली होती.

तू गेलीस त्या वर्षी मार्चमध्ये आपण खाणीतल्या अकरा माणसांना एकेक वाक्य वाचून दाखवलं होतं आणि 'यातून तुम्हाला काय कळलं' ते विचारलं होतं. तू प्रश्न विचारत होतीस, मी वाक्यं वाचत होते आणि टेप सांभाळत होते. नंतर तू ती टेप मागितलीस, तेव्हा मी सांगितलं की ती खराब झाली. ती खराब झाली नव्हती. ती माझ्या घरी, शिवणाच्या डब्यात आहे.

काल ऐकली. आलोइझ पिका नावाचे म्हातारे आठवतात? मी त्यांना वाचून दाखवते, "कितीही मोठा फटका बसला तरी मी पुन्हा उभा राहतो."

ते म्हणतात, "राहतो की. साडेतीनला उठतो, बूट घालतो. पूर्ण गुण लिहा."

मग तू विचारतेस, "आणि मनातून हो, पिकाकाका?"

खुर्ची कुरकुरते. मग ते म्हणतात, "मनाचं कुठं लिहिलंय यात, पोरी? माझा भाऊसुद्धा उभा राहायचा. बुधवारच्या पाळीला उभा होता माझ्या शेजारी. गुरुवारी आम्ही त्याला कबुतरांच्या माळ्यावर फास कापून खाली उतरवला. तुमच्या कागदावर त्यालाही पूर्ण गुण पडले असते."

अकरांतले नऊ जण वेगवेगळ्या शब्दांत हेच सांगत होते. 'मी माझा भार दुसऱ्यावर टाकत नाही.' 'मी कुरकुर न करता पुढे जातो.' माझ्या पोलिशमध्ये ही वाक्यं झकास वाचली जातात, आणि तुमच्या खाणवाल्या घरांत ती गप्प बसण्याचं कौतुक म्हणून ऐकली जातात. जो जितका गप्प, त्याला तितके गुण. दोन आठवड्यांनी पुन्हा विचारलं तरी तो तितकाच गप्प, म्हणून आकडे जुळले. तुला हे पहिल्या दुपारीच कळलं होतं. सात वाक्यं नव्याने लिहायला हवीत, म्हणालीस. म्हणजे आणखी एक वर्ष. माझी प्रबंधाची मुदत जूनची होती.

आणि मग ती बैठक. प्रोफेसरांनी तुझ्या आक्षेपांचं विचारलं, तेव्हा मी म्हणाले, "लिद्काचा कान घरगुती बोलीचा आहे, ती स्वयंपाकघरातलं पोलिश ऐकते." सगळे हसले. तू वही मिटलीस. त्या वाक्यासाठी माफी मागायला मी तीन वर्षं शब्द शोधत होते, असं लिहिणार होते. नव्हते शोधत. विसरायचा प्रयत्न करत होते.

मी घाबरले आहे. गेरार्डसाठी, हे खरं. पण त्याच्या आधी, सकाळी डोळा उघडताच, स्वतःसाठी. पदवी जाईल, नोकरी जाईल, खाली गेलेल्या प्रत्येक माणसाचा हिशेब मला विचारला जाईल. हा क्रम मला बदलता येत नाहीये.

बोग्ना


३ डिसेंबर

लिद्का,

काल गेरार्डला भेटले. तो बागेच्या तुकड्यावर गुलाबांना पोती गुंडाळत होता. मी मुखवट्याचं विचारलं.

"एवाल्डची जीभ छाटायला हवी."

"गेरार्ड, तू वरिष्ठांना सांग. थोडे दिवस वर काम कर."

"वर? दिव्यांच्या खोलीत? म्हाताऱ्यांबरोबर बसून बॅटऱ्या मोजू?" सुतळी दातात धरून तो बोलत होता. "माझी दोन माणसं गेली खाली. आता मी वर बसलो तर त्यांच्या बायकांना तोंड कसं दाखवू? आणि तू कशाला घाबरतेस? एक्क्याऐंशी आहेत मला."

तेव्हा मी म्हणून टाकलं, "ते एक्क्याऐंशी खरे नाहीत."

त्याने सुतळी तोंडातून काढली. चिडेल असं वाटलं होतं. पण त्याचा चेहरा क्लारासारखा झाला, अंधाऱ्या जिन्यात हात सुटल्यावर होईल तसा.

"खरे नाहीत म्हणजे?"

"कागदात चूक आहे. माझी चूक."

"मग मी काय आहे?" अगदी हळू विचारलं त्याने. "बोग्ना, लिफ्टच्या पिंजऱ्यात उभं राहून खाली जाताना मी तो आकडा म्हणतो. मनातल्या मनात. एक्क्याऐंशी, एक्क्याऐंशी. दार उघडेपर्यंत. तो खरा नसेल तर मी काय आहे?"

आणि मी, लिद्का, मागे सरले. म्हटलं, तसं नव्हे, थोडी दुरुस्ती हवी इतकंच, तू मनाला लावून घेऊ नकोस. त्याने पुन्हा गुलाब बांधायला घेतले. गाठी नीट बसत नव्हत्या.

उद्या संत बार्बाराचा सण. सगळी खाण काळ्या गणवेशात, तुरे लावून, बँड वाजवत चर्चला जाईल. उद्या कुणी भेटणार नाही. परवा सकाळी मी बचाव केंद्राच्या प्रमुखांकडे जाणार आहे. हे तुला लिहितेय ते इतक्याचसाठी, की लिहिल्यावर मला मागे फिरता येऊ नये.

बोग्ना


६ डिसेंबर

लिद्का,

आधी शेवट सांगते. पाचही जण वर आले.

काल सकाळी पावणेअकराला मी केंद्रावर पोचले. फाटकातच कळलं की काहीतरी झालंय, कारण कुणी कुणाशी बोलत नव्हतं. एका बोगद्यात कोळसा धुमसायला लागला होता. बोगदा दोन्हीकडून बंद करायला दोन तुकड्या खाली गेल्या होत्या. फळ्यावर नावं होती. एवाल्डची तुकडी पहिली, गेलेल्या दोघांच्या जागी दोन नवे घेऊन पुन्हा पाच जणांची.

प्रमुख, गिंटर शोल्टिसेक, फोनपाशी बसले होते. साठीचा माणूस, दोन बोटं नाहीत. "देव भलं करो," ते खाणीतल्या नमस्काराच्या रीतीने म्हणाले. "बाई, आज नको."

"गेरार्डला आत जाऊ देऊ नका."

"त्याचा कागद आहे माझ्याकडे. एक्क्याऐंशी. खाली सही दवाखान्याची, आणि प्रश्न तुमचेच."

"कागद चुकीचा आहे. मला ते छापायच्या आधीपासून माहीत होतं. तुमच्याच माणसांनी मला सांगितलं होतं, मी ते लपवलं. आणि सरावात त्याने धुरात मुखवटा सोडला होता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेखाली मला पळून जावंसं वाटत होतं.

"तेव्हा खोटं बोललात की आत्ता?"

"तेव्हा."

त्यांनी फोन उचलला. खाली, बोगद्याच्या तोंडाशी तळ असतो, तिथे विचारलं. मला पलीकडचा आवाज ऐकू येत होता, बारीक, डब्यातून आल्यासारखा. "गेले, साहेब. बारा मिनिटं झाली आत जाऊन."

शोल्टिसेकनी बोगद्यातल्या लाइनवर एवाल्डला निरोप द्यायला सांगितला, गेरार्डला घेऊन मागे फिर. तुकडी फुटत नाही, एक फिरला की पाचही फिरतात. मग उत्तर येईना. ते घड्याळाकडे बघत होते, मी त्यांच्या हाताकडे. मी मरून जाईन असं वाटत होतं, आणि त्याच वेळी फार लख्ख कळत होतं की मी मरणार नाहीये, मी खुर्चीवर बसले आहे. मरणारे खाली आहेत, आणि त्यांना तिथे मी पाठवलंय.

सव्वीस मिनिटं.

मग फोन. शोल्टिसेकनी ऐकलं, "पाच?" एवढंच विचारलं, पुन्हा विचारलं, "पाच?" आणि रिसीव्हर ठेवून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

संध्याकाळी एवाल्डकडून कळलं. निरोप पोचला तेव्हा ते आधीच परतत होते. साडेतीनशे मीटरवर गेरार्डचा हात पट्ट्याकडे गेला. एवाल्डने त्याची दोन्ही मनगटं पकडली, स्वतःच्या छातीशी आवळली, आणि तसाच, त्याच्याकडे तोंड करून, उलट्या पावलांनी चालत त्याला बाहेर आणला. बाकीचे तिघं दोघांच्या खांद्यांना धरून. गेरार्ड सगळा वेळ सुटायला धडपडत होता. एवाल्डच्या हातांवर कोपरापर्यंत ओरखडे आहेत. बोगदा दुसऱ्या तुकडीने बंद केला.

"तू चार दिवस आधी बोलली असतीस तर!" एवाल्ड म्हणाला. मग हातावरची पट्टी नीट करत म्हणाला, "मी दीड महिना आधी बोललो असतो तर!"

बोग्ना


१२ डिसेंबर

लिद्का,

गेरार्ड दवाखान्यात आहे, डोंगराकडच्या, झाडीतल्या. सुरुवातीचे दोन दिवस त्याने मला दारातून परत पाठवलं. तिसऱ्या दिवशी आत घेतलं आणि मनसोक्त शिव्या दिल्या. तुमच्या बोलीतल्या, मला निम्म्याही कळल्या नाहीत. मग म्हणाला, "कँटीनमधून खसखशीचा केक आण." आणला. एकट्याने खाल्ला, मला विचारलंही नाही. आकड्याचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही. डॉक्टरीणबाई त्याला रोज भेटतात, खऱ्या डॉक्टरीणबाई. त्या कागद वापरत नाहीत, शेजारी बसतात. सोमवारी तो त्यांच्यासमोर दीड तास रडला, हे त्याने मला स्वतः सांगितलं, जेवणात काय होतं ते सांगावं तसं.

मी सगळं लेखी दिलं आहे. छापणाऱ्यांना, विद्यापीठाला, खाणीच्या दवाखान्याला. अकरा मुलाखतींची टेपही दिली. प्रश्नावली थांबवली आहे. तिच्यावर पास होऊन खाली गेलेले आणखी चौतीस जण आहेत, त्यांना एकेक करून बोलावताहेत. त्या चौतीस जणांचं काय निघतं ते कळेपर्यंत मला धड श्वास घेता येणार नाही, आणि ते तसंच असायला हवं. प्रोफेसर माझ्याशी वकिलामार्फत बोलतात. पदवीचं जानेवारीत ठरेल.

तू साबिनाला फोन केलास, ते तिने सांगितलं. एकोणीस तारखेला येतेस, हेही. माझ्याविषयी एक शब्द विचारला नाहीस, हेही तिने सांगितलं. साबिना काही मऊ करून सांगत नाही.

आता अडचण अशी आहे. साबिनाला गाडी चालवता येत नाही. एवाल्डची त्या दिवशी पाळी आहे. गेरार्डला एका दिवसाची सुट्टी मिळाली आहे आणि तो म्हणतो, बहिणीला आणायला मीच जाणार, आणि बोग्नाच गाडी चालवणार, तिच्याकडून तेवढं तरी काम काढून घेऊ. मी नाही म्हणून पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "घाबरतेस?"

"हो," मी म्हटलं.

"मग बरोबर आहे. मीपण घाबरतोय. तिला हे हात दिसतील." त्याचे हात अजून थरथरतात, लिद्का. तू एकदम धरू नकोस, त्याला आधी बसू दे.

तू माझ्याशी बोललीच पाहिजेस असं काही नाही. विमानतळापासून तुमच्या घरापर्यंत पन्नास मिनिटं लागतात, मी रस्त्याकडे बघून चालवीन. तुम्ही दोघं मागे बसा. विमान एक वाजून वीस मिनिटांनी उतरतं. मी साडेबारालाच तिथे उभी असेन.

बोग्ना